नऊ योजना, एकच पीक : औसा तालुक्यातील एका शिक्षिकेच्या म्युच्युअल फंड निवडीचे प्रकरण

नोव्हेंबर 2024 मध्ये, दिवाळीची सुटी संपता संपता, औसा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांचे यजमान माझ्या लातूरच्या कार्यालयात आले. गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करताना माझ्यापुढे येणारी बहुतेक कागदपत्रे कॅरीबॅगेत कोंबलेली असतात. बाईंनी मात्र दोनशे पानी वही आणली होती. प्रत्येक योजनेला एक पान, पानावर आखलेले रकाने, हप्त्याची तारीख, युनिटची संख्या, त्या दिवसाचा भाव, आणि ज्या महिन्यात हप्ता चुकला तिथे लाल पेनाची फुली. अशी नऊ पाने होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवायची नाहीत हे त्यांना ठाऊक असल्याने त्यांनी नऊ योजना घेतल्या आहेत. आता दहावी घ्यावी का, एवढेच विचारायचे आहे. पुढे जे झाले ते त्या दोघांच्या संमतीने, नाव आणि गाव वगळून येथे मांडत आहे.

बाईंचे वय 41, नोकरी 2008 पासूनची. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आल्यामुळे त्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू नव्हते. पगारातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे सगळे शिक्षक ज्याला एनपीएस म्हणतात त्यात, कपात होत होती. वयाच्या 58 व्या वर्षी, म्हणजे 2041 मध्ये त्या निवृत्त होतील. यजमानांचे औशात कृषी सेवा केंद्र आहे आणि सहा एकर कोरडवाहू जमीन आहे, ज्यात खरिपात सोयाबीन आणि तूर असते. मोठी मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत. मुलीला वैद्यकीय शाखेला जायचे आहे. लातुरात राहणाऱ्या कोणत्याही घराला अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च वेगळा सांगावा लागत नाही.

आकडे असे होते. एनपीएसमध्ये सुमारे 24 लाख रुपये, सुकन्या समृद्धी खात्यात 5 लाख 10 हजार, राष्ट्रीयीकृत बँकेत 4 लाखांची मुदत ठेव आणि म्युच्युअल फंडांत 9 लाख 60 हजार. महिन्याची एसआयपी, म्हणजे फंडांत दरमहा जाणारा ठरलेला हप्ता, एकूण 20 हजार रुपयांची. याखेरीज एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवलेले 4 लाख रुपये अडकलेले होते आणि ते परत येतील असे गृहीत धरू नये, असे बाईंनी स्वतःच सांगितले. आम्ही ते हिशेबातून वगळले.

या पतसंस्थेच्या प्रसंगावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयावर त्याची सावली होती. बाईंचा पहिला खरा प्रश्न दहाव्या योजनेचा नव्हताच. "सर, ही फंडाची कंपनी बुडाली तर आम्ही कोणाच्या दारात जाऊन बसायचं?" असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न आज मराठवाड्यातील हजारो घरांत आहे. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो आणि तो सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला मात्र तो नाही, हे बहुतेकांना पैसे अडकल्यावर कळले. म्युच्युअल फंडात असा विमा नाही, परंतु रचनाच वेगळी आहे. भांडवल बाजाराचे नियामक असलेल्या सेबीच्या विनियमांनुसार फंड हा विश्वस्त न्यास असतो, पैसे गुंतवणारी व्यवस्थापन कंपनी त्याहून वेगळी, आणि विकत घेतलेले शेअर व रोखे ज्याच्या ताब्यात असतात तो अभिरक्षक आणखी वेगळा. त्यामुळे व्यवस्थापन कंपनी अडचणीत आली तरी योजनेतील शेअर तिच्या देण्यांत जात नाहीत.

हे ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला लगेच थोडी मोडावी लागली. पैसा कोणी घेऊन जाण्याचा धोका वेगळा आणि भाव पडण्याचा धोका वेगळा. पहिला येथे फार कमी असला तरी दुसरा पुरेपूर आहे. 14 जानेवारी 2020 ते 23 मार्च 2020 या सव्वादोन महिन्यांत शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी सुमारे 38 टक्के घसरला होता, त्यातील 13 टक्के तर शेवटच्या एका दिवसात. 2008 मध्ये ती घसरण 60 टक्क्यांच्या आसपास गेली होती. कर्जरोख्यांच्या योजना म्हणजे मुदत ठेवच, असे समजणाऱ्यांनाही 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा योजना एकाच वेळी बंद केल्यावर धक्का बसला. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण गरजेच्या दिवशी मिळाले नाहीत. बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून हे दोन धोके लिहून घेतले.

यानंतर आम्ही नऊ पानांकडे वळलो. दोन लार्ज कॅप योजना (2 लाख 10 हजार), दोन फ्लेक्सी कॅप (2 लाख 40 हजार), करबचतीच्या दोन ईएलएसएस (1 लाख 80 हजार), मोजकेच शेअर घेणारी एक फोकस्ड (90 हजार), एक स्मॉल कॅप (1 लाख 50 हजार) आणि ग्रामीण उपभोगावर बेतलेली एक थीमची योजना (90 हजार). पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या योजना होत्या. वरवर पाहता यात वैविध्यच दिसते.

प्रत्येक फंडाला दर महिन्याची गुंतवणुकीची यादी जाहीर करावी लागते. त्या याद्या छापून आम्ही टेबलावर पसरल्या आणि दोन लार्ज कॅप योजनांपासून सुरुवात केली. पद्धत साधी आहे : जो शेअर दोन्ही योजनांत आहे त्याचे दोन्हीकडचे प्रमाण पाहायचे आणि त्यातील कमी आकडा घ्यायचा. एका खासगी बँकेचा शेअर पहिल्या योजनेत 9 टक्के आणि दुसरीत 7 टक्के असेल तर समान भाग 7 टक्के. असे सगळे आकडे मिळवत गेलो तेव्हा बेरीज 58 टक्क्यांवर पोहोचली. यात नवल नव्हते. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये योजनांची वर्गवारी ठरवून दिली तेव्हा बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या म्हणजे लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप आणि 251 पासून पुढे स्मॉल कॅप अशी व्याख्या केली, आणि लार्ज कॅप योजनेने किमान 80 टक्के पैसा त्या पहिल्या शंभरांतच ठेवावा असे बंधन घातले. एवढ्या लहान आवारात फिरणारे दोन व्यवस्थापक पुन्हा पुन्हा त्याच दारांशी भेटणारच. फ्लेक्सी कॅपला तसे बंधन नाही, तरी बाईंच्या दोन्ही फ्लेक्सी कॅप योजनांतील मोठा हिस्सा त्याच मोठ्या कंपन्यांत होता. ईएलएसएस आणि फोकस्ड योजनांचे चित्रही असेच निघाले. वित्तीय क्षेत्राचा वाटा प्रत्येकीत एक तृतीयांशाच्या आसपास होता.

यजमान इतका वेळ फारसे बोलले नव्हते. याद्यांवरून बोट फिरवत ते एकदम म्हणाले, "म्हणजे सर, अर्ध्या रानात जेएस-335 अन् अर्ध्यात एमएयूएस-71 पेरलं, अन् गावभर सांगितलं की मी आंतरपीक घेतलंय. येलो मोझॅक आला की दोन्हीवर येणार." दोन्ही सोयाबीनचेच वाण, आणि येलो मोझॅक हा सोयाबीनवरचा रोग. मी इतकी वर्षे हा मुद्दा समजावतो आहे, पण इतक्या नेमक्या शब्दांत मला तो कधी सांगता आला नव्हता. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर घेतली जाते ती दोन्हींच्या संकटाच्या वेळा वेगळ्या असतात म्हणून. सोयाबीन काढणीला आलेले असताना सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने शेंगा कुजल्या तरी तूर तेव्हा उभी असते आणि तिचा निकाल डिसेंबर-जानेवारीत लागतो. वाण बदलल्याने संकट बदलत नाही, पीक बदलल्याने बदलते. बाईंच्या नऊ योजनांपैकी स्मॉल कॅप आणि थीम वगळता सात योजना म्हणजे एकाच पिकाचे सात वाण होते.

थीमच्या योजनेबद्दल याहून गंभीर आक्षेप होता. ती यजमानांच्या आग्रहाने घेतली होती, कारण ग्रामीण बाजार त्यांना जवळून कळतो. आपल्याला कळते तिथे गुंतवावे, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि नोकरदाराला तो बहुधा बाधत नाही. परंतु या घराची शेती पावसावर, दुकानाची विक्री पावसावर, आणि जून-जुलैत दिलेल्या बियाणे-खतांच्या उधारीची वसुलीही सोयाबीन बाजारात गेल्यावरच. पाऊस बिघडला तर ग्रामीण मागणी घटते आणि त्याच मागणीवर उभी असलेली योजनाही नेमकी त्याच वर्षी खाली येण्याची शक्यता असते. 2018 च्या दुष्काळात बाईंना दागिने सोनेतारण ठेवून दुकानाचे देणे भागवावे लागले होते. अशा घराने गुंतवणुकीतही पावसावरच पैसा लावणे मला योग्य वाटले नाही, आणि नऊपैकी हीच योजना सर्वांत आधी विकावी असे मी स्पष्ट सांगितले.

योजना निवडल्या कशा, हेही वहीतून उलगडले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बाईंनी निवडीचे कारण लिहिले होते : "मागील वर्षात क्रमांक 1", "पाच तारे", "बँकेतील सरांनी सुचवली". म्हणजे जवळपास प्रत्येक योजना तिच्या बहराच्या वर्षात घेतली गेली होती. मागील एक वर्षाचा परतावा हा एकाच तारखेपासून एकाच तारखेपर्यंतचा असतो. तारीख तीन महिने सरकवली की क्रम उलटापालटा होतो. म्हणून मी सरकता परतावा पाहण्याचा आग्रह धरतो : दहा-बारा वर्षांतील प्रत्येक महिन्यापासून पुढची पाच वर्षे मोजायची आणि अशा साठ-ऐंशी कालखंडांत योजनेने आपल्या मापदंडाला, म्हणजे तुलनेच्या निर्देशांकाला, किती वेळा मागे टाकले, सर्वांत वाईट पाच वर्षांत तिने काय दिले, हे पाहायचे. हाच निकष लावल्यावर दोन फ्लेक्सी कॅपपैकी जिचा गेल्या वर्षीचा परतावा कमी होता तीच सरस ठरली. तिचा व्यवस्थापक आठ वर्षे बदललेला नव्हता आणि 2020 च्या घसरणीत ती निर्देशांकापेक्षा कमी घसरली होती. ती ठेवली. दुसरीचा व्यवस्थापक दीड वर्षापूर्वीच आला होता. तिचा जुना आलेख दुसऱ्याच माणसाच्या कामाचा होता.

मग आम्ही सगळे घर एका कागदावर मांडले, आणि मला वाटते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी काम हेच झाले. आपला "सगळा पैसा शेअर बाजारात" आहे अशी बाईंची धास्ती होती. प्रत्यक्षात एनपीएसच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या ठरलेल्या पर्यायात त्या वेळी शेअरचा वाटा 15 टक्क्यांपर्यंतच होता, म्हणजे 24 लाखांपैकी जेमतेम 3 लाख 60 हजार. बाकी सरकारी व कंपन्यांच्या रोख्यांत. एकूण 42 लाख 70 हजारांपैकी शेअरमधला पैसा 13 लाख 20 हजार, म्हणजे 31 टक्के भरला. 2020 सारखी 38 टक्के घसरण पुन्हा झाली तर त्यातून सुमारे 5 लाख, म्हणजे एकूण रकमेच्या 12 टक्के कमी होतील. हा आकडा मी बाईंच्या हातून काढून घेतला. त्या काही वेळ त्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सतरा वर्षं आहेत. एवढं सोसवेल." सोसण्याची तयारी टक्केवारीत विचारली तर सगळेच हो म्हणतात, रुपयांत विचारावी. एनपीएसच्या रूपाने रोख्यांचा भरभक्कम पाया आधीच असल्याने निवृत्तीसाठीच्या म्युच्युअल फंडांत वेगळी कर्जरोखे योजना घालण्याचे कारण उरले नाही, आणि शेअरचा एकूण वाटा हळूहळू 45 टक्क्यांपर्यंत न्यावा असे ठरले.

लवकर लागणारा पैसा मात्र यातून पूर्ण बाहेर काढला. मुलीच्या अकरावीचा खर्च जून 2027 मध्ये येणार, म्हणजे अडीच वर्षांत. तेवढ्यासाठी 20 हजारांतील 5 हजार बँकेच्या आवर्ती ठेवीत वळवले. सुकन्या खात्यातून दहावी उत्तीर्ण झाल्यावर आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते, ती बारावीनंतरच्या प्रवेशासाठी राखली. बँकेतील 4 लाखांच्या मुदत ठेवीपैकी अडीच लाख तिथेच ठेवले आणि दीड लाख अगदी अल्पमुदतीच्या रोख्यांच्या लिक्विड फंडात, जिथून पैसे साधारणपणे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. दोन्ही मिळून घराचा राखीव साठा.

उरलेल्या 15 हजारांची वाटणी अशी झाली : निफ्टी 50 चा इंडेक्स फंड (जो निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेतो) 6 हजार 500, राखलेली फ्लेक्सी कॅप 5 हजार, आणि मिड कॅप 150 चा इंडेक्स फंड 3 हजार 500. मोठ्या कंपन्यांच्या आवारात व्यवस्थापकाला निर्देशांकावर सातत्याने मात करणे अवघड जाते, म्हणून तिथे कमी खर्चाचा इंडेक्स फंड. फ्लेक्सी कॅपमध्ये माणसाच्या निर्णयाला वाव आहे, म्हणून तिथे व्यवस्थापक. सोन्याची योजना घेतली नाही, कारण घरातील दागिने 2018 मध्ये सोन्याचे काम करून बसले होते. परदेशी शेअरच्या योजना घेतल्या नाहीत, कारण परदेशी गुंतवणुकीवरील मर्यादेमुळे त्यांची दारे मध्येच बंद होतात आणि ठरलेला हप्ता ठरल्याप्रमाणे जात नाही.

स्मॉल कॅपवरून बराच वाद झाला. वहीत सर्वांत जास्त नफा त्याच पानावर होता आणि यजमानांना तिथली एसआयपी दुप्पट करायची होती. मी त्यांना जानेवारी 2018 ते मार्च 2020 चा काळ दाखवला, ज्यात स्मॉल कॅप निर्देशांक निम्म्याहून अधिक खाली गेला होता, तोही दोन वर्षे झिजत झिजत. शिवाय मार्च 2024 पासून फंड कंपन्या स्मॉल आणि मिड कॅप योजनांसाठी जी ताण-चाचणी जाहीर करतात, ज्यात योजनेतील 25 व 50 टक्के शेअर विकायला किती दिवस लागतील हे सांगितलेले असते, ती या योजनेसाठी काढून दाखवली. शेवटी असलेले 1 लाख 50 हजार ठेवायचे आणि नवीन हप्ता थांबवायचा असे ठरले. ही तडजोड होती. माझ्या मते रक्कम निम्मी केली असती तर अधिक बरे झाले असते, परंतु ज्या योजनेवर घरातील एकाचा जीव आहे ती जबरदस्तीने विकायला लावली तर पुढच्या तेजीत तो माणूस सगळी आखणीच मोडतो.

सर्व योजना रेग्युलर प्रकारच्या होत्या, म्हणजे वितरकाचे कमिशन दरवर्षी खर्चात धरलेले. 1 जानेवारी 2013 पासून त्याच योजनांचे कमिशन नसलेले डायरेक्ट प्रकार उपलब्ध आहेत. दरमहा 15 हजार रुपये 17 वर्षे गुंतवले आणि परतावा 11 टक्के मिळाला तर सुमारे 89 लाख होतात, 10 टक्के मिळाला तर सुमारे 80 लाख. एका टक्क्याची किंमत 9 लाख. तरीही सगळ्यांनी डायरेक्ट घ्यावे असे मी म्हणणार नाही. मार्च 2020 मध्ये ज्या वितरकांनी आपल्या ग्राहकांना फोन करून विकण्यापासून रोखले त्यांनी त्या कमिशनचे चीज केले. या घरात मात्र योजना देणारे बँकेतील गृहस्थ बदलून गेले होते आणि तीन वर्षांत कोणी एकदाही विचारपूस केली नव्हती.

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे कराच्या दृष्टीने विक्रीच असते. 23 जुलै 2024 पासून शेअर योजनांच्या एक वर्षावरील नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाची सूट धरून, 12.5 टक्के आणि वर्षाच्या आतील नफ्यावर 20 टक्के कर आहे. आधी घेतलेले युनिट आधी विकले असे धरले जाते, म्हणून प्रत्येक योजनेतील शेवटच्या बारा महिन्यांचे युनिट मागे ठेवून बाकीचे विकले. डिसेंबर 2024 मध्ये थीम, फोकस्ड आणि एक लार्ज कॅप. एप्रिल 2025 मध्ये, नवे आर्थिक वर्ष लागल्यावर, दुसरी लार्ज कॅप, बाजूला ठरलेली फ्लेक्सी कॅप आणि ईएलएसएसमधील तीन वर्षे पूर्ण झालेले हप्ते. दोन्ही वर्षी नफा सव्वा लाखाच्या आत राहिला आणि कर शून्य. बाई नव्या करप्रणालीत गेल्या असल्याने ईएलएसएसची वजावट त्यांना मिळतच नव्हती. दोन वर्षे त्या केवळ सवयीने तो हप्ता भरत होत्या.

मधल्या काळात बाजाराने परीक्षा घेतली. सप्टेंबर 2024 च्या शिखरापासून मार्च 2025 च्या सुरुवातीपर्यंत निफ्टी सुमारे 16 टक्के उतरला आणि लहान कंपन्या त्याहून अधिक. फेब्रुवारीत बाईंचा फोन आला. त्यांना विकायचे नव्हते. 5 लाखांच्या त्या आकड्यापैकी आतापर्यंत किती उतरले हे वहीत कसे मांडायचे, एवढेच विचारायचे होते.

खरी कसोटी बाजारातून आलीच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि दुकानाची उधारी गावागावांत अडकली. त्या वर्षी दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे दोघे वार्षिक पाहणीसाठी आले तेव्हा लिक्विड फंडातील दीड लाखांपैकी 1 लाख 10 हजार बियाणे-खत कंपन्यांची बिले भागवण्यात गेले होते. मिड कॅपचा हप्ता त्यांनी तीन महिन्यांसाठी थांबवला होता, बाकीचे दोन चालू होते, आवर्ती ठेवीला हात लावलेला नव्हता, दागिनेही घरातच होते. वसुली होईल तसा आधी राखीव साठा भरून काढायचा आणि मगच मिड कॅपचा हप्ता सुरू करायचा, हा क्रम बाईंनी वहीत आधीच लिहून आणला होता. त्याखाली आम्ही तिघांनी फक्त तारीख घातली.